पुस्तकातल्या सैतानाला कुंकू

आयर्लंडमधल्या मराठी माणसाला "तुम्ही कुठे?" असं विचारलं की तो राहतं घर सांगत नाही, ऑफिस सांगतो. कुणी ग्रँड कॅनाल डॉक म्हणतो, कुणी चेरीवूड. मी "मलिंगारला, एका जुन्या तबेल्यात" असं म्हणते आणि निम्मे लोक तिथूनच बटाटेवड्यांच्या टेबलाकडे वळतात. जे उरतात त्यांना सांगते की मी जुनी पुस्तकं आणि नकाशे दुरुस्त करते. "म्हणजे लॅमिनेशन का?" असं एका गृहस्थांनी मंडळाच्या गणपतीत विचारलं होतं. आमच्या धंद्यात हा शब्द जवळजवळ शिवी आहे. पण हातात प्रसाद होता, म्हणून हसून सोडून दिलं.

काम तसं सांगायला सोपं आहे. पुस्तक आलं की आधी तपासणी. कुठे फाटलंय, कुठे ओल लागलीय, कुठे किड्याने फराळ केलाय, त्या प्रत्येक गोष्टीला नंबर देऊन यादी करायची. काय काढणार, काय जोडणार, काय आहे तसं ठेवणार, हे त्यात लिहायचं आणि त्यावर मालकाची सही घ्यायची. ती नसेल तर साधा ब्रशही फिरवायचा नाही. मग महिनोन् महिने काम, आणि शेवटी अहवाल. अहवालाखाली सही करणाऱ्याने म्हणायचं असतं की या पुस्तकाला मी जे जे केलं ते सगळं इथे लिहिलं आहे, लपवलेलं काही नाही. पांढरे हातमोजे मात्र आम्ही घालत नाही, ते टीव्हीवरच. मोज्यातून बोटाला कागद कळत नाही. हात स्वच्छ धुवायचे, कोरडे करायचे, बस.

पुण्यात मी पोथ्या दुरुस्त करायचे. माझा नवरा शिरीष, त्याच्या नोकरीमागून इथे आले आणि पाच वर्षं नुसती 'डिपेंडंट' होते, व्हिसावर तसं छापलेलंच असायचं. घरभाडी परवडेनात म्हणून आम्ही डब्लिन सोडून मलिंगारला आलो. शिरीष रोज आगगाडीने डब्लिनला जातो आणि त्याबद्दल रोज बोलतो. इथे मला हेच काम करणारी नूला भेटली. तिच्या तबेल्यात पूर्वी घोडे होते, आता तीन टेबलं, पुस्तकं दाबायचं एक यंत्र आणि एक मोठा पाण्याचा टब. नूला कमी बोलते. माझी पोथ्यांची कामं तिने भिंगातून पाहिली आणि म्हणाली, "ग्रँड. सोमवारी ये." पहिली तीन वर्षं काम माझं आणि अहवालावर सही तिची, असं चाललं. सहीचा अधिकार मिळाला की तुम्ही कारागीर, तोवर मदतनीस. तो मिळावा म्हणून मी किती आतुर होते ते शिरीषला ठाऊक आहे. रात्री जेवताना मी दुसरं काही बोलतच नसे.

आमच्याकडे जास्त येतात ती साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची भूगोलाची पुस्तकं. त्या काळी युरोपात भूगोल आणि धर्म वेगळे ठेवायची पद्धत नव्हती. नकाशात डोंगर दाखवायचा तर त्याच्या माथ्यावर प्रलयातून वाचलेली नाव काढायची. दोन नद्यांच्या मध्ये एक झाड आणि एक साप काढला की झाली आदम आणि ईव्हची बाग. आणि आयर्लंड तर तेव्हा प्रसिद्धच होतं ते एका बेटासाठी. उत्तरेला लॉक डर्ग नावाचं सरोवर आहे, त्यातल्या बेटावर एक गुहा होती. पापी माणसाला स्वर्गाआधी जिथे जळून शुद्ध व्हावं लागतं, त्या जागेचं दार म्हणजे ही गुहा, असं लोक मानत. काही जुन्या नकाशांत डब्लिन बारीक अक्षरात आणि ही गुहा ठळक. आजही तिथे यात्रा भरते. तीन दिवस अनवाणी, एक रात्र जागरण, खायला कोरडा टोस्ट आणि बिनदुधाचा चहा.

गिऱ्हाइकंही तशीच भेटतात. ॲथलोनचा एक निवृत्त सैनिक त्या आदम-ईव्हच्या बागेचा नकाशा घेऊन आला होता. शांतिसेनेतून तो लेबनॉनला राहून आलेला. बाहेर पडताना दारात थांबून त्याने गंभीरपणे विचारलं, "तुम्ही नकाशा दुरुस्त करणार, म्हणजे चुकासुद्धा?" मी म्हटलं, नाही, चुका आम्ही जिवापाड जपतो. त्याला फार बरं वाटलेलं दिसलं. "नाही, कारण मी त्या बाजूला दोनदा जाऊन आलोय," तो म्हणाला, "बाग काही दिसली नाही. पण ते झाड राहू दे."

आता सासूबाईंबद्दल. त्यांचं नाव इंदुमती दातार, गाव दाभोळ. नूलाकडच्या माझ्या चौथ्या वर्षी त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या आणि चौथ्या दिवशी कंटाळल्या. आमची मुलगी आजीचं मराठी सगळं समजून घ्यायची आणि उत्तरं थेट मलिंगारच्या इंग्रजीत द्यायची. शेवटी एका शुक्रवारी मी त्यांना तबेल्यात घेऊन गेले. तिथे नूला खळ शिजवत होती. फाटलेला कागद आम्ही जोडतो तो जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून, आणि त्या खळीत गुठळी राहिली तर पान कायमचं सुरकुततं. सासूबाई दोन मिनिटं उभ्या राहून बघत होत्या.

"हा कुरडयांचा चीक आहे गो," त्या मला म्हणाल्या. "आणि ही बाई मधेच ढवळायची थांबते आहे. गुठळी होईल नाही तर काय."

गुठळी झालीच होती. सासूबाईंनी पदर खोचला, नूलाच्या हातातून लाकडी चमचा जवळजवळ हिसकावून घेतला आणि नव्याने चीक शिजवला. नूलाने तो बोटांत धरून पाहिला, काचेवर पसरून पाहिला, आणि मला म्हणाली, "मॅमी रोज येऊ शकतील का?" रोज नाही, पण दर शुक्रवारी सासूबाई येऊ लागल्या. गळ्यात ॲप्रन, बाहेर पाऊस, समोर शेगडी आणि चुकीचं ढवळणारी माणसं. बाई सुखात होत्या.

त्याच सुमारास टॉम डॅली यांचं पुस्तक आलं. टॉम ऐंशी ओलांडलेले, लग्न न केलेले शेतकरी, गावापासून सात-आठ मैलांवर गायी पाळायचे. गुडघे गेले म्हणून गायी विकल्या आणि आता घर बंद करून ते वृद्धाश्रमात जाणार होते. स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला इथल्या भाषेत प्रेस म्हणतात, साखरेच्या डब्यामागे हे पुस्तक पिढ्यान् पिढ्या होतं. ते त्यांना नीट करून वाचनालयाला द्यायचं होतं. नूलाने ते माझ्यापुढे ठेवलं. "हे पूर्ण तुझं," ती म्हणाली. "यादी तू कर, काम तू कर. नीट पार पडलं तर अहवालावर सही पण तुझी."

पुस्तक होतं जगातल्या सगळ्या देशांचं आणि सगळ्या धर्मांचं. लिहिणारा एक इंग्रज पाद्री. प्रस्तावनेत तो स्वतःच कबूल करतो की आपण कधी समुद्र ओलांडलेला नाही. पण त्यामुळे त्याचं काही अडलेलं दिसत नाही. तुर्कांवर रागावलाय, चिन्यांवर रागावलाय, आयरिश लोकांना तर गुहेत जाऊन फसणारी अडाणी माणसं म्हणून झोडपून काढलंय. आणि आपल्याकडे, कोकणपट्टीवर, लोक सैतानाची पूजा करतात असं सांगून त्याने सोबत चित्रही दिलंय. सिंहासनावर बसलेला, डोक्यावर पोपसारखा मुकुट, त्यातून निघालेली शिंगं, वटारलेले डोळे. चित्रकारानेही अर्थात काही पाहिलेलं नव्हतं.

मी यादी केली, एकवीस कलमं झाली. टॉमनी चष्मा पुसून सगळी वाचली आणि काही न विचारता सही केली. कामाला लागले. दोन महिने फार आनंदात गेले. एक दिवस हिंदुस्थानचा नकाशा उघडला असताना मी सासूबाईंना हाक मारली आणि किनाऱ्यावरची अक्षरं वाचून दाखवली. चौल होतं, गोवा होतं, आणि मध्ये ऐसपैस दाभोळ. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या.

"आणि मुंबई?"

"मुंबई दिसत नाही, आई."

"असू दे," त्या म्हणाल्या. पण मुंबईत राहणाऱ्या धाकट्या जावेला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून ही बातमी दिली.

पुढच्या शुक्रवारी ते घडलं. पुस्तक कापडी उशांवर उघडं होतं, चित्राच्या पानावर. पानाच्या कडेची चीर सासूबाईंच्याच चिकाने जोडून मी वाळत ठेवली होती. नूला पोस्टात गेली होती. मी दारात कुरियरवाल्याशी बोलत होते, फार तर पाच मिनिटं. परत आले तर सासूबाई पुस्तकापाशी हात जोडून उभ्या, टेबलावर त्यांचा छोटा चांदीचा करंडा उघडा, आणि सैतानाच्या कपाळावर कुंकू.

मी विचारलं, "आई, हे काय केलंत?"

"मघापासून बघते आहे त्याच्याकडे," त्या शांतपणे म्हणाल्या. "शिंगं कसली, मुकुटाची टोकं आहेत ती. काढणाऱ्याला समजलं नाही. सिंहासन आहे, समोर माणसं हात जोडून बसली आहेत, म्हणजे देवच की. आणि इतकी वर्षं उघड्या कपाळाने बसवून ठेवलाय."

माझा चेहरा पाहून मात्र त्या घाबरल्या. "पुसू का?" म्हणून त्यांनी पदर पुढे केला आणि मी किंचाळले. तबेल्यात मी एवढ्या मोठ्याने ओरडले ती तेवढी एकदाच.

कुंकू साधं नव्हतं. गावाकडचं, हळदीपासून घरी केलेलं, आणि चिकटावं म्हणून बोट किंचित ओलं करून लावलेलं. सुकी पूड मऊ ब्रशने उचलली गेली, पण मसुराच्या दाण्याएवढा लाल टिळा कागदाच्या तंतूंत उतरला होता. पाणी लावलं असतं तर पसरला असता. हळदीचा डाग कशाने जातो हे कोणतीही मराठी बाई सांगेल, उन्हाने. पण जुन्या कागदाला आम्ही उजेडाचा वाराही लागू देत नाही, आणि मलिंगारमध्ये ऊन शोधायचं तर आधी अर्ज करावा लागेल अशी परिस्थिती. खास दिव्याखाली थोडं थोडं करून तो फिका करता आला असता. पण मालकाच्या सहीशिवाय तेही नाही.

नूला परत आली. तिने पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने किटली लावली, तिघींना चहा दिला, आपला संपवला आणि म्हणाली, "राइट. टॉमला फोन कर. मी नाही, तू. पुस्तक तुझं आहे."

बाजूला सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्यामुळे सुनेची नोकरी जाऊ शकते, हे त्यांना कुणी न सांगता कळलं होतं. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. चार वर्षं ज्या सहीसाठी घासली ती एका बोटाने गेली असं वाटत होतं. फोनवर मी टॉमना सगळं सांगितलं. पलीकडून फक्त एवढंच आलं, "उद्या येतो."

शनिवारी शेजाऱ्याच्या गाडीतून टॉम आले, कोट घालून, टाय लावून. सासूबाई घरी राहायला तयार नव्हत्या. "माझ्यामुळे झालंय, मी समोर असेन," म्हणाल्या. नऊवारी नेसून, शाल घेऊन त्या माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मी पुस्तक उघडलं. टॉम वाकून बराच वेळ बघत राहिले.

"कोण आहे युअर मॅन?" इकडे कुणाही माणसाला असंच म्हणतात, मग तो पोस्टमन असो नाही तर सैतान.

मी सासूबाईंना विचारलं. "नाव मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण देवळात गेल्यावर आपण आधी नाव विचारतो का? हात जोडतो, मग विचारतो." मी ते इंग्रजीत सांगितलं. टॉमनी मान डोलावली.

मी दिव्याचं समजावून सांगितलं. डाग फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही, त्यासाठी तुमची सही लागेल. फॉर्म पुढे केला. टॉमनी पेन घेतलं नाही. त्यांनी हात पुसले, विचारलं, "पान उलटू का?" आणि एकेक करून सावकाश आयर्लंडच्या नकाशापर्यंत आले. वरच्या बाजूला लॉक डर्ग होतं, आणि त्यातल्या बेटाभोवती बोटाएवढं काळपट, तुळतुळीत वर्तुळ.

"हे तुमच्या यादीत आहे," टॉम म्हणाले. "चौदा नंबर. मळ, काढणे."

मी हो म्हटलं. यादीतलं तेवढंच उरलं होतं, सोमवारी सकाळी करायचं.

"ती माझी आई," टॉम म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची आई ब्रिजिड लग्नाआधी एकदा त्या बेटावर जाऊन आली होती. पुढे सात मुलं आणि वीस गायी, पुन्हा कधी जायला मिळालं नाही. मग दर उन्हाळ्यात ती तीन दिवस स्वयंपाकघरात अनवाणी राहायची, कोरडा टोस्ट खायची, आणि हे पुस्तक कपाटातून काढून बेटाभोवती अंगठ्याने फेऱ्या घालायची. चाळीस-एक उन्हाळे. पाद्रीबुवांनी तिला अडाणी म्हटलंय हे तिला कधी कळलंच नाही, कारण तिने त्यातलं अक्षरही वाचलं नव्हतं. तिला फक्त बेट हवं होतं.

"मग तुम्ही सही कशी केलीत?" मी विचारलं.

"तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही मळ म्हणालात. मला वाटलं, मळच असेल. काल फोन आला आणि रात्री विचार केला. तिकडच्या एका आईने केलं ते मला आवडलं, तर मग माझ्या आईचं का पुसू?"

मी खुर्चीवर बसले. चौदा नंबर मी स्वतः लिहिला होता, माझ्या सुवाच्य अक्षरात. सोमवारी साडेनऊला रबराची भुकटी घेऊन मी ब्रिजिड डॅलीचे चाळीस उन्हाळे अर्ध्या तासात साफ केले असते आणि वर झकास झालं म्हणून फोटो काढला असता. याआधी अशी किती वर्तुळं पुसली असतील, कोण जाणे. ती आता आठवतही नाहीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि टॉमच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला. त्या हाताकडे टॉम जरा बावरून बघत राहिले, पण बाही काढून घेतली नाही.

नूलाने यादी मागून घेतली. चौदावं कलम खोडलं, टॉमची आद्याक्षरं घेतली, खाली बाविसावं घातलं आणि मला म्हणाली, "दोन्ही 'ठेवले' म्हणून लिही. कुणी केलं, कुठली, पूर्ण नावानिशी." मी लिहिलं. आयर्लंडच्या नकाशावर अंगठ्याच्या खुणा, ब्रिजिड डॅली, वेस्टमीथ, म्हणजे मलिंगारचाच जिल्हा. हिंदुस्थानच्या प्रकरणात कुंकू, इंदुमती दातार, दाभोळ. मग नूलाने अहवालाचं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. सहीच्या ओळीखाली तिने माझं नाव आधीच टाइप करून ठेवलं होतं. कधी, ते तिने आजवर सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली की यापुढे मॅमींचा करंडा दाराजवळच्या प्रेसमध्ये ठेवायचा, किल्ली तिच्याकडे.

मी सही केली.

निघण्याआधी टॉम पुन्हा पुस्तकापाशी गेले. वृद्धाश्रमात जायचं होतं, पुस्तक वाचनालयात काचेआड जाणार होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे. नियमाप्रमाणे मी म्हणायला हवं होतं की टॉम, तिथे हात लावू नका, जुनी शाई आहे. कारागीर होऊन मला दहा मिनिटं झाली होती. मी पाठ फिरवली आणि किटलीत पाणी भरायला गेले.

मागून सासूबाईंचा आवाज आला, हलकाच, मला सांगितल्यासारखा.

"उजवी प्रदक्षिणा घालतो आहे गो. बरोबर घालतो आहे."